पाळणाघराच्या अर्जाचे काय झाले?

मा. अधिकारी महोदय,

तुमचे नाव लिहीत नाही. ज्यांच्या टेबलावर आमचे चार अर्ज पडून आहेत, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते कळेल. चौथ्या अर्जाला उत्तर आले : ‘प्रस्ताव विचाराधीन’. पहिला अर्ज दिला तेव्हा दुपट्यात असलेली पोर आता चालते आहे.

मुसळगाव, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या बायका ठेकेदारामार्फत पाळीवर जातात. प्रसूती रजेच्या कायद्यातली 2017 ची दुरुस्ती तुम्हाला तोंडपाठ असेल. 50 किंवा अधिक कर्मचारी तिथे पाळणाघर, आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जायची मुभा. 26 आठवड्यांची पगारी रजा, पण आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस भरलेले हवेत. ठेकेदार बदलला की ते दिवस सिद्ध करायचे कोणी? केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत 6 महिने ते 6 वर्षांची मुले, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास, देशभरात 17,000 अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट. आमच्या वस्तीत एकही नाही.

आहे ती नऊ वर्षांची बहीण. सात महिन्यांचा भाऊ कडेवर घेऊन ती शाळेच्या पायरीवर बसते. तो रडून रडून थकतो, मग नुसता बघत राहतो. मी तीस वर्षे शिक्षिका होते; रडणाऱ्या मुलापेक्षा या गप्प झालेल्या मुलाची मला जास्त धास्ती वाटते.

ती का, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांचे काम वाचून कळले. उंदरांची पिल्ले जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज 3 तास आईपासून दूर ठेवली. मोठेपणी ती घाबरट निघाली, ताणाला मेंदूचा प्रतिसादही बिघडलेला. त्याच दोन आठवड्यांत मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा संदेश घेणारी विशिष्ट ग्राहके औषधाने रोखली, तेव्हा हा भित्रेपणा टळला. म्हणजे मोठेपणीच्या मनाची घडण त्या कोवळ्या दिवसांतच सेरोटोनिनच्या वाटेने होत होती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण रुमानियातल्या अनाथालयांतील 136 मुलांचा अभ्यासही हेच सांगतो : दोन वर्षांच्या आत मायेचे घर मिळालेली मुले जास्त सावरली.

पण म्हणून कामाला जाणाऱ्या आईला कोणी बोल लावू नये. माझी आजी याच गावात विड्या वळायची. मांडीवर सूप, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. तंबाखूची धूळ वाईटच, पण पोर हललं की आजीला कळायचं. आजच्या आईला ती दोरी कारखान्याच्या फाटकापर्यंत नेता येत नाही. बाळाला आई आठ तास मिळत नसेल, तर त्याच्या रडण्याला ओ देणारे, रोज तेच, ओळखीचे माणूस हवे. ते देणे सरकारचे काम आहे, नऊ वर्षांच्या मुलीचे नाही.

आमच्या अंगणवाडीची खोली दुपारनंतर कुलूपबंद असते. तीच द्या, आणि पगारी दोन बायका नेमा.

पाचवा अर्ज सोबत जोडला आहे. त्यावर एवढेच लिहून द्या : पाळणाघर कोणत्या तारखेला उघडणार.

एक निवृत्त शिक्षिका, सिन्नर