‘पाठ दुखते’ म्हणणारा मुलगा कामचुकार नसतो

श्रीरामपूरच्या झहीर खानच्या नावावर 92 कसोटींत 311 बळी आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याने याचा अभिमान बाळगावा, यात शंका नाही. पण या कारकिर्दीची दुसरी बाजू धावफलकावर दिसत नाही. 2003 च्या डिसेंबरात ब्रिस्बेन कसोटीत त्याने एका डावात 5 बळी घेतले, पण मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि पुढच्याच कसोटीतला अॅडलेडचा गाजलेला विजय त्याच्याविना साजरा झाला. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने अव्वल राहिला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच लॉर्ड्सवर 13.3 षटके टाकून त्याला मैदान सोडावे लागले. ती मालिका भारताने 4-0 अशी गमावली.

दरवेळी ऐकू आला तो एकच शेरा : झहीर फिट नाही, वजन वाढलंय, मेहनत नको. या शेऱ्यात थोडे तथ्य असेलही. पण वेगवान गोलंदाजाचे शरीर का मोडते, याचे ते उत्तर नव्हे.

चेंडू सुटण्याच्या क्षणी गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकते आणि पिळली जाते. दिवसात 20 षटके म्हणजे असे 120 आघात. मांडीच्या मागचा स्नायू धावताना ताणला जात असतानाच पायाला आवर घालत असतो, म्हणून तो तिथेच फाटतो. एकदा फाटलेला हा स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता मोठी असते. आधीची दुखापत हाच पुढच्या दुखापतीचा सर्वात ठळक इशारा, असे क्रीडावैद्यक सांगते. दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला, असे नसते.

हे दुखणे क्रिकेटपुरते नाही. शिकागोचा बास्केटबॉलपटू डेरिक रोझ 2011 मध्ये वयाच्या 22 व्या वर्षी एनबीएचा सर्वात तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला. एप्रिल 2012 मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढचा पूर्ण हंगाम तो बाहेर राहिला, तेव्हा ‘डॉक्टर हो म्हणतात, मग हा का खेळत नाही?’ म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. परतल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर 2013 मध्ये, त्याचा उजवा गुडघा गेला. दुखापत झालेल्या खेळाडूवर सर्वात आधी संशय घेतला जातो तो त्याच्या नियतीवर. शिकागोत तेच, आपल्याकडेही तेच.

झहीर सावरला, तो टोमण्यांमुळे नव्हे. संघाबाहेर गेल्यावर 2006 मध्ये त्याने वूस्टरशायरकडून कौंटी स्पर्धेत 78 बळी घेतले. धाव आखूड केली आणि वेगापेक्षा स्विंगवर भर दिला. 2013 मध्ये फ्रान्समध्ये काही आठवडे शरीराची नव्याने बांधणी केली आणि त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गला 300 वा कसोटी बळी मिळवला. 2015 मध्ये निवृत्त होताना त्याने सांगितले की, दिवसाला 18 च्या आसपास षटके टाकणे खांद्याला झेपणार नाही. हा भाराचा हिशेब होता, आणि तो सुरुवातीपासून मांडायला हवा.

कारण हा हिशेब आज आपल्या तालुक्यांच्या मैदानांवर कोणीच मांडत नाही. चौदा वर्षांचा पोरगा सकाळी शाळेकडून खेळतो, संध्याकाळी क्लबच्या सरावाला जातो आणि रविवारी गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत उतरतो. तिन्ही प्रशिक्षकांना आपापली षटके दिसतात, एकूण बेरीज कोणालाच ठाऊक नसते. चेंडू हलका असला तरी पाय तितक्याच जोराने आदळतो. या वयात कमरेच्या मणक्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात, म्हणून तिथे बारीक तडा जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. सुरुवातीला हा तडा साध्या एक्स-रेत दिसतोच असे नाही. मग वेदनाशामक गोळी, मलम आणि ‘अंगात आळस भरलाय’ हे निदान!

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार मर्यादा घातल्या : 13 वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला सलग 5 आणि दिवसात 10 षटके, 15 वर्षांपर्यंत सलग 6 आणि दिवसात 12. आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्यांनी असा नियम पत्रकावर छापायला खर्च तो किती? पालकांनीही मुलाच्या दप्तरात एक वही ठेवावी आणि आठवड्याचे चेंडू लिहावेत. सुट्टीनंतर एकदम दुप्पट गोलंदाजी टाळावी. कमरेच्या एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. अशा तड्याला वेळेत विश्रांती मिळाली तर तो बहुधा काही महिन्यांत भरून येतो. दुर्लक्ष झाले तर कायमचे दुखणे मागे लागू शकते.

श्रीरामपूरने एक झहीर दिला. पुढचा कदाचित आत्ताच कुठल्या तरी मैदानावर कमरेला हात लावून उभा असेल. त्याला आधी विचारा, आज किती षटके टाकलीस?