सत्काराच्या फोटोत नसलेली मुले

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. जमातीच्या वतीने गुणवंतांचा सत्कार होतो, फोटो काढले जातात. चांगलेच आहे. पण त्या फोटोत कुबडी घेतलेली मुलगी किंवा अंध मुलगा तुम्हाला शेवटचा कधी दिसला? अशी मुले आपल्यात नाहीत असे नाही. ती सातवी-आठवीपर्यंत वर्गात असतात आणि मग घरी बसतात.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात चालता न येणारी मुलगी आहे. प्राथमिक शाळा जवळ होती, अब्बा उचलून नेत. हायस्कूल लांब पडले. मुलगी मोठी झाली, उचलून नेणे जमेना, संकोच वाटू लागला. खाला म्हणाली, "इतकं शिकून हिला कुठं जायचंय?" शाळेतून तिचे नाव कुणी काढले नाही. ती जायची थांबली, एवढेच.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट आहे. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. गरजेप्रमाणे परीक्षेला लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो.

मग मुले गळतात का? कारण हे सगळे एका कागदावर अडते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल तर यातले बहुतेक काही हाती लागत नाही. त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा, सांगली किंवा साताऱ्याच्या सिव्हिलला तपासणीसाठी जायचे. एका फेरीत काम झाले नाही तर अब्बांचा आणखी एक रोज बुडतो. बोर्डाच्या सवलतीचा अर्ज तर शाळेमार्फत आधीच जावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर जाग आली तर वर्ष हातचे जाते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. शाळेचे दार उघडून भागत नाही, गरिबाच्या मुलाला राहायला जागा आणि जेवायला भाकरी लागते, हे त्यांना कळले होते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत त्यात उतार, स्वच्छतागृह आणि सोबतीला एक माणूस एवढीच भर पडते.

शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी तेच केले. ऐन तारुण्यात पाय गेले, व्हीलचेअर आली. तरी त्यांनी कस्टम्स-एक्साइज खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण आपल्याच गल्लीतल्या मुलीला बसस्टॉपपर्यंत सोडायला कुणी तयार नसेल तर त्या अभिमानाचा उपयोग काय?

"हे सरकारचे काम आहे," असे कुणी म्हणेल. आहेच. उतार नसलेल्या शाळेला आणि कॉलेजला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला ती मुलगी आधी शाळेत असावी लागते.

म्हणून या जूनमध्ये एवढे करा. मोहल्ल्यातल्या दिव्यांग मुलांची यादी करा: नाव, वय, इयत्ता, प्रमाणपत्र आहे की नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांचा अर्ज तुमच्या मोबाइलवरून भरा आणि एक दिवस त्यांच्याबरोबर सिव्हिलला जा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, तो आत्ताच शोधून ठेवा. रमजानमध्ये जमातीकडे मदत जमा होते, त्यातून गरजू घरातल्या मुलाच्या रिक्षाचे भाडे मागा. दहावी झाली की अकरावीच्या फॉर्मपाशी पुन्हा हजर राहा, कारण मुले तिथेच परत गळतात.

पुढच्या सत्कारात फोटो काढण्याआधी मंचाला पायऱ्या किती आहेत, तेवढे मोजून घ्या.