सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी थांबू नका
नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसं दुखणं हाताबाहेर गेलं की हैदराबाद गाठतात. १९५६ साली हा भाग हैदराबाद राज्यातून वेगळा झाला, तरी ही वाट काही मोडली नाही. पोटाच्या आजारासाठी तर डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या तिथल्या एआयजी रुग्णालयाचं नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तिथे जा किंवा गावाजवळ दाखवा, पण एक गोष्ट विचारून घ्या.

जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात जीवघेणी कळ येते, पाठीत जाते, उलट्या होतात, काही तासांनी ओसरते. सोनोग्राफी नॉर्मल येते आणि माणूस ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वर्षं काढतो. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे सहसा दिसतात. पित्तनलिकेचं खालचं टोक मात्र आतड्यातल्या वायूमुळे झाकलं जातं आणि दोन-तीन मिलिमीटरचा खडा सुटू शकतो. खडा बारीक म्हणून धोका कमी, असं समजू नका. बारीक खडेच घरंगळत नलिकेत उतरतात; तिथे अडकले की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. कारण न सापडता स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडबद्दल जरूर विचारा.

यात दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. ती तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेली की पित्तनलिका अगदी शेजारी येते. उपाशीपोटी, झोपेचं इंजेक्शन देऊन तपासणी होते; बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

खडा काढायची दुर्बीण, ईआरसीपी, वेगळी. तिच्यामुळेही शंभरातल्या पाचेक जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून खड्याची नुसती शंका असेल, तर आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड किंवा एमआरसीपीने (पित्तनलिकेच्या एमआरआयने) खात्री करता येईल का, हे विचारायला संकोचू नका. उलट, काहीच त्रास नसताना केवळ हौसेने एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करू नका.

कळ येऊन गेली की लगेच, दुसऱ्या दिवसापर्यंत तरी, लिव्हरची रक्ततपासणी करून रिपोर्ट जपून ठेवा; पुढे फार उपयोगी पडतो. आणि पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हा. अडलेल्या नलिकेतला जंतुसंसर्ग जिवावर बेततो.