झाडाचा जीव कोठें असतो?

एखाद्या जुन्या चिंचेचें खोड आंतून पार पोखरलेलें असतें. त्याच्या ढोलींत पिंगळे बिऱ्हाड करून राहतात, आणि तरीही ती चिंच दरसाल पालवते, फुलते, फळते. याच्या उलट, भरल्या अंगाच्या एखाद्या आंब्याच्या बुंध्याभोंवतालचें चार बोटें रुंदीचें सालीचें कडें लांकूड उघडें पडेपर्यंत सोलून काढिलें, तर तो आंबा बहुधा कांहीं काळानें वाळून जातो. गाभा गेला तरी झाड जगतें आणि साल गेली कीं मरतें, हें कसें?

प्रथम पाण्याचा मार्ग पाहूं. मुळांच्या कोंवळ्या टोकांजवळ अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. जमिनींतील पाणी व त्यांत विरघळलेले क्षार मुख्यतः तेच शोषून घेतात. हें पाणी लांकडाच्या बाहेरच्या, ताज्या थरांतील बारीक नळ्यांतून वर चढतें. आंतला जुना गाभा केवळ आधारापुरता उरलेला असतो. मग पाणी शेंड्यापर्यंत चढवितो कोण? पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन ती उडून जाते, आणि पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असल्यामुळें खालची सारी ओळ मागोमाग वर ओढली जाते. डब्लिन येथील डिक्सन व जोली यांनीं ही उपपत्ति १८९४ सालीं मांडिली. आज शास्त्रज्ञ सामान्यतः तीच ग्राह्य मानितात.

आतां अन्नाचा मार्ग. पान हें झाडाचें स्वयंपाकघर होय. हवेंतील कर्बवायु व मुळांनीं पाठविलेलें पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें तेथें शर्करा तयार होते. ती मुळांपर्यंत पोंचते, ती मात्र लांकडांतून नव्हे, तर सालीच्या आंतल्या मऊ पदरांतून. साल व लांकूड यांच्यामध्यें एक अत्यंत पातळ, सजीव थर असतो. तो आंतल्या बाजूस नवें लांकूड व बाहेरच्या बाजूस नवी साल घडवितो. झाडाची जाडी वाढते ती त्याच्याच योगानें.

इटालियन वैद्य माल्पिघी यानें सतराव्या शतकांत सालीचें कडें काढून पाहिलें, तेव्हां जखमेच्या वरची बाजू फुगलेली त्यास आढळली. खालीं येणारा अन्नरस तेथें अडून राहिला होता. आमचे माळी याच गोष्टीचा उपयोग गुटी कलमांत करितात. डाळिंबाच्या फांदीवरील सालीचें कडें काढून त्यावर ओलें शेवाळ बांधितात. अडलेल्या रसाच्या बळावर वरच्या कडेस मुळ्या फुटतात. मात्र फांदीस जी युक्ति, तोच बुंध्यास घात. मुळांस अन्न मिळेनासें होतें. तथापि लांकडांतून पाणी चढत असल्यामुळें पानें कांहीं काळ हिरवीं राहतात, आणि मुळें उपाशी मरत आहेत याचा कोणास संशयही येत नाहीं.

नारळाची गोष्ट निराळी. त्याच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. म्हणून चढण्यासाठीं पाडलेल्या खांचा तो सोसतो. परंतु त्याचा वाढीचा कोंब शेंड्यास एकच. तो छाटला कीं माड संपला.

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, अंगणांतील पारिजातकास कपडे वाळत घालण्याची तार आवळणें, अथवा रस्त्यावरील झाडास दिव्यांच्या माळा बांधून त्या तशाच ठेवणें, हें आपणांस निरुपद्रवी वाटतें. खोड जाडावत जातें, तार जागची हलत नाहीं, आणि साल सोलल्यावांचून तोच फांस बसतो. एका खिळ्यानें झाड मरत नाहीं, हें खरें. पण प्रत्येक खिळा तेवढ्यापुरता मार्ग तोडतो व बुरशीस दार उघडून देतो. बुंध्यापर्यंत सिमेंट घातलें तर मुळांस हवा व पाणी दोन्हीं कमी पडतात.

शहरांतील झाडांच्या रक्षणार्थ महाराष्ट्रांत १९७५ सालीं कायदा झाला; पण तारेचा फांस पाहण्यास आपल्या घरचीच दृष्टि हवी. आमच्या वाचकांनीं या महिन्यांत आपल्या आवारांतील प्रत्येक खोडावरून एकवार हात फिरवून पाहावा. तार सैल असेल तर ती सोडवावी. ती सालींत रुतली असेल तर ओढूं नये. दोन्हीं बाजूंनीं कापून फांस मोकळा करावा व रुतलेला तुकडा तसाच राहूं द्यावा.