न येणाऱ्यांची हजेरी

आमच्या संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित केली जातात. वाचणारे बहुतेक निवृत्त. कॅसेट गेली, सीडी आली, मग पेन ड्राइव्ह आला. कुणी कुरकुरले नाही. प्रत्येक नवे यंत्र आम्ही शनिवारी एका टेबलाभोवती, चहा पीत, एकमेकांच्या चुकांना हसत शिकलो होतो.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री टाळेबंदी लागली आणि ते टेबलच गेले. घरी मोबाइलवर वाचायचे, फाइल पाठवायची, असे ठरले. ठरले म्हणजे कार्यवाह या नात्याने मीच ठरवले. व्हॉट्सॲपवर नियमावली टाकली, तारखा दिल्या. फाइली येऊ लागल्या. टाळेबंदी उठल्यावरही हीच पद्धत ठेवावी, हा ठराव माझाच. खोलीचे भाडे वाचत होते ना!

मग एका विद्यार्थ्याने विचारले, "इतिहासवाल्या बाई हल्ली वाचत नाहीत का?" तोवर वर्ष उलटले होते. मी फोन केला.

"अहो, घरात सुनेचं ऑफिस, नातवाची शाळा. मी स्वयंपाकघरात बसून वाचायची. कुकरची शिट्टी आली म्हणून तुमच्याकडून फाइल परत आली, पुढे लाल फुली. म्हटलं, आता आपली गरज दिसत नाही."

फुली मीच टाकली होती.

बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. पुढे आमच्या शाखेत संगणक आला, तेव्हा लेजर न सोडणाऱ्या कारकुनाला साहेब मेमो देऊ शके. कारकुनामागे युनियन असे, ती कडाडून भांडे. त्या भांडणाचा तेव्हा वैताग यायचा. पण निदान कुठे दुखते ते कळत होते! स्वयंसेवकाला मेमो नाही, युनियनही नाही. तो भांडत नाही, यायचा थांबतो. आणि आपण अहवालात लिहितो, बदल सुरळीत पार पडला.

घरून काम करण्याला माझा विरोध नाही. गुडघ्यांमुळे जिना न चढवणारे दोघेजण त्यामुळेच आज वाचतात. पण संस्था चालवणाऱ्याने नियमावलीआधी एकेकाला फोन करून विचारावे : घरात शांत जागा आहे का, वेळ कुठली, मोबाइल कोणाचा? मी विचारले नाही.

महिन्यातून दोन शनिवार खोली पुन्हा घेतली आहे. खजिनदार नाराज आहेत. बाई अजून आलेल्या नाहीत. येत्या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे, इतिहासाचे नवे पुस्तक घेऊन.