धनुष्य हाताच्या मापाचं घ्या

मुलाला कंपाऊंड धनुष्य घ्यायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं, चॅम्पियन जे वापरतो तेच घ्या. कुणी म्हणतं, ज्याचा बाण सगळ्यात वेगानं जातो ते घ्या. बहुतेक जण सांगतात, घ्यायचंच तर एकदाच भारी घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. आणि काहींचं म्हणणं असं की कंपाऊंड घेऊच नका, ते मशीन आहे, त्यात खेळाडूचं कसब कसलं! हे चारही सल्ले चुकीचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे पूर्ण किटचे दोन-तीन लाख म्हणजे सोयाबीन-कपाशीवर जगणाऱ्या घराची कित्येक हंगामांची शिल्लक, तिथे हे सल्ले फार महागात पडतात.

आधी मशीनवाल्यांना उत्तर देतो. कंपाऊंडला कॅम म्हणजे चाकं असतात, निशाण्याला भिंग असतं, दोरी बोटांनी न सोडता रिलीजच्या खटक्यानं सोडतात, हे सगळं खरं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना 1969 साली या धनुष्याचं पेटंट मिळालं, आणि हा आक्षेपही जवळपास तितकाच जुना आहे. पण मशीन समोरच्याच्याही हातात असतं, त्याचं काय? मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. श्लोसर म्हणजे 2015 साली इनडोअर स्पर्धेत 600 पैकी 600 गुण घेणारा पहिला तिरंदाज. दोघांचे पंधरा-पंधरा बाण झाले. आपल्या पोराचा एक गुण गेला, त्याचे दोन गेले. अंतर 50 मीटर, आणि दहाचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटर व्यासाचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. शिवाय रिकर्व्हमध्ये, म्हणजे चाकं नसलेल्या धनुष्याच्या प्रकारात, सेटची पद्धत असते, एखादा बाण वाया गेला तरी फार तर तो सेट जातो आणि पुढच्या सेटला पाटी कोरी असते. कंपाऊंडमध्ये गुणांची बेरीज शेवटपर्यंत चालते. दुसऱ्या बाणाला गेलेला गुण पंधराव्या बाणापर्यंत मानगुटीवर बसून राहतो. मशीननं नेम धरणं सोपं केलं, त्यामुळे चुकण्याची मुभाच उरली नाही. कसब लागतं ते इथे.

ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून कंपाऊंड नको, ही तक्रारही आता जुनी झाली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार असल्याचं एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालं आहे. एकच प्रकार आहे आणि त्यात देशाकडून एक मुलगा आणि एक मुलगीच खेळणार, म्हणजे दार अरुंद आहे हे मान्य. पण हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाऊंडची पाचही सुवर्णपदकं भारतानं जिंकली. त्यातल्या पुरुष संघात अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आपला प्रथमेश होता. 2023 मध्येच बर्लिनला ओजस आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले. महाराष्ट्राच्या मुलामुलींना हा प्रकार मानवतो, याला आणखी काय पुरावा हवा?

आता मूळ मुद्दा. चॅम्पियनचं धनुष्य चॅम्पियनच्या हाताच्या मापाचं असतं. कंपाऊंडमध्ये दोरी किती मागे येणार हे कॅमवर ठरलेलं असतं. त्याला ड्रॉ लेंथ म्हणतात. रिकर्व्ह कमी-जास्त ओढता येतो. कंपाऊंड एका ठरावीक ठिकाणी भिंतीला टेकल्यासारखा थांबतो, आणि ते ठिकाण तुमच्या अंगाला जुळलं तर जुळलं. अंदाज घ्यायची साधी रीत आहे: दोन्ही हात बाजूला पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. 65 इंच भरले तर 26. हे केवळ सुरुवातीचं माप आहे, पक्कं माप धनुष्य ओढून, बाजूनं कुणीतरी नीट पाहिल्यावरच कळतं.

माप चुकलं की काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघा. मुलगी दोरी ओढते. सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग कॅम उलटतात आणि वजन एकदम उतरतं. 50 पाउंडांच्या धनुष्याला 80 टक्के सूट असेल तर शेवटी हातात धरायला 10 पाउंडच उरतात. इथे तिनं शांत उभं राहायचं, दोरीतल्या पीपच्या बारीक भोकातून स्कोपचं वर्तुळ बघायचं, दोन्ही गोल एकात एक बसवायचे, स्कोपखालचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणायचा. आता ड्रॉ लेंथ तिच्या मापापेक्षा अर्धा इंच जास्त आहे असं धरा. धनुष्य धरलेला खांदा वर चढतो. पाठ मागे झुकते. पीप डोळ्यासमोर यावा म्हणून मान मागे जाते, दोरी गालावर नको तितकी दाबली जाते. बुडबुडा एका बाजूला सरकतो, ती मनगट पिळून तो मध्ये आणते, आणि त्याच पिळलेल्या मनगटानं बाण सोडते. बाण डावीकडे जातो. बघणारे म्हणतात, एकाग्रता कमी पडली! एकाग्रतेचा तिथे काही दोष नसतो. अर्ध्या इंचाचा असतो. महिनोन्‌महिने असा सराव केला की ती वाकडी ठेवणच अंगात मुरते, आणि नंतर योग्य मापाचं धनुष्य दिलं तरी शरीर जुनंच करत राहतं.

आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथले भिल्ल-भिलाला बांबूचा कामठा स्वतःच्या हाताला आणि ताकदीला जुळेल असाच घडवत आले. दुसऱ्याचा कामठा भारी आहे म्हणून उचलायचा, ही कल्पनाच त्या परंपरेत बसत नाही. लाखोंचं धनुष्य घेताना आपण इतकी साधी गोष्ट का सोडून देतो?

वेगाच्या आकड्याबद्दल तर मला राग येतो, कारण तो सरळ फसवतो. धनुष्याच्या माहितीपत्रात सेकंदाला साडेतीनशे फुटांच्या आसपासचा वेग छापलेला असतो. तो मोजतात 70 पाउंड वजनावर, 30 इंच ड्रॉ लेंथवर आणि 350 ग्रेनच्या हलक्या बाणानं. स्पर्धेत 60 पाउंडांच्या वर परवानगीच नाही. ड्रॉ लेंथ एक इंचानं घटली की वेग साधारण 10 फुटांनी उतरतो. म्हणजे 26 इंच मापाच्या आणि 45 पाउंड ओढणाऱ्या मुलीला तो आकडा कधीच दिसणार नाही. उलट तो आकडा गाठण्यासाठी धनुष्यात जे केलेलं असतं, त्याचा त्रास मात्र तिला रोज होणार. वेगासाठी ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर, कमी ठेवतात. त्यामुळे सुटलेला बाण दोरीला जास्त वेळ चिकटून राहतो आणि हाताची प्रत्येक थरथर घेऊन जातो. कॅम आक्रमक असतात, ओढताना जोर एकदम लागतो, शेवटची विसाव्याची जागा आखूड राहते आणि जरा सैल पडलं की धनुष्य हात पुढे खेचतं. शिकारीसाठी बनवलेली धनुष्यं आखूडही असतात, एका चाकाच्या आसापासून दुसऱ्यापर्यंत तीस-बत्तीस इंच. झाडीत फिरायला ते बरं. 50 मीटरच्या टार्गेटसाठी सदतीस-अडतीस इंचांचं लांब, संथ, स्थिर धनुष्यच हवं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, वारा पाचवीला पुजलेला. अशा मैदानावर स्थिर धनुष्य आधी, वेग नंतर.

पाउंडांचंही तसंच. जास्त पाउंड म्हणजे जास्त दम, असा समज पोरांमध्येही आहे आणि पालकांमध्येही. कसोटी सोपी आहे: बसल्या जागी, धनुष्य समोर टार्गेटच्या दिशेला ठेवून, ते आभाळाकडे न उचलता दोरी सरळ मागे आणता आली पाहिजे. हात वर करून, कंबर हिसडून ओढावं लागत असेल तर वजन उतरवा. वाढत्या वयाच्या खांद्याला इजा झाली तर ती महिनोन्‌महिने छळते.

राहिला सगळ्यात वजनदार सल्ला: एकदाच भारी घ्या. यामागे काटकसर आहे, आणि काटकसरीच्या घरात वाढलेल्या माणसाला ती पटणारच. पण तेराव्या वर्षीचा हात सोळाव्या वर्षी तोच राहत नाही. भारी टार्गेट धनुष्यांपैकी कित्येकांत ड्रॉ लेंथ थोड्याच इंचांत बदलता येते, काहींचं कॅमवरचं मॉड्यूलच बदलावं लागतं, काहींत दोरी किंवा कॅमला हात लावायला बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागतो. म्हणजे एकदाच घेतलेलं भारी धनुष्य दोन वर्षांत आखूड पडतं, नाहीतर पुढे होईल म्हणून आधीपासूनच मोठं घेतलं जातं आणि वर सांगितलेला अर्धा इंच नशिबी येतो. सुरुवातीला ड्रॉ लेंथ आणि वजन मोठ्या पट्ट्यात बदलणारं साधं धनुष्य घ्यावं. वापरलेलं, पण दोरी आणि लिंब म्हणजे वाकणाऱ्या पात्या तपासलेलं मिळालं तरी उत्तम.

वाचलेले पैसे बाणांत घाला. धनुष्यासाठी कर्ज काढणारी माणसं बाण मात्र मिळतील ते घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाण सुटताना लवचिक काडीसारखा वाकतो आणि सावरतो. तो किती वाकणार याचं माप म्हणजे स्पाइन. 500 स्पाइनचा बाण 400 पेक्षा मऊ असतो. वजन, ड्रॉ लेंथ आणि बाणाची लांबी यांच्याशी स्पाइन जुळला नाही तर जगातलं सर्वोत्तम धनुष्यही बाणांची जुडी एका जागी बसवू देणार नाही. एका डझनातले बाण वजनानं आणि सरळपणानं सारखे हवेत. फार हलके बाणही नकोत. दर पाउंडामागे किमान 5 ग्रेन हा दंडक आहे, त्याखाली गेलं की जास्त ऊर्जा धनुष्यातच उरते आणि लिंब तडकू शकतात. बाण न लावता दोरी सोडली तर तेच होतं, आणि ते पहिल्याच दिवशी मुलाला बजावून सांगायला हवं. मैदानावर वाऱ्याला दाद न देणारे बारीक बाण लागतात. इनडोअरला 18 मीटरवर जाड बाण चालतात, कारण रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो आणि जाड बाण रेषा लवकर गाठतो. म्हणून नियमानं जाडीची मर्यादा 9.3 मिलिमीटर ठेवली आहे.

राष्ट्रीय निवडीच्या उंबरठ्यावर आलेल्या खेळाडूला भारी टार्गेट धनुष्य लागतंच, तिथे मी काटकसर सांगणार नाही. तोवर त्याचं माप स्थिरावलेलं असतं, कोणता कॅम आपल्याला मानवतो हे त्याला स्वतःला कळतं, आणि चॅम्पियनचं नाव न घेता तो निवड करू शकतो. चंद्रकांत इलग यांच्या मार्गदर्शनाखाली प्रथमेश घडला. असा जाणता प्रशिक्षक धनुष्यापेक्षा आधी शोधावा आणि खरेदीला जाताना त्याला सोबत न्यावं.

प्रत्येक घरानं हा हिशेब एकट्यानं करावा अशी वेळच येऊ नये. जिल्हा क्रीडा संकुलात एक बो प्रेस, धनुष्य ओढून धरायचा एक ड्रॉ बोर्ड, पाउंड मोजायचा काटा आणि मोठ्या पट्ट्यात बदलणारी आठ-दहा धनुष्यं ठेवायला एका स्टेडियमच्या रंगरंगोटीइतकाही खर्च येणार नाही, आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तो करता येण्याजोगा आहे. मलकापूर, मेहकर, देऊळगाव राजाकडच्या मुलानं तिथे यावं, आपलं माप काढून घ्यावं, सहा महिने उसनं धनुष्य ओढावं, आणि मगच बापाला पैसे मागावेत. क्रीडा अधिकारी, तिरंदाजी संघटना आणि लोकप्रतिनिधी यांनी येत्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात ही मागणी धरावी.