घाटाचा धडा आणि विमानाचा स्वयंचालक

१/८
‘स्वयंचलित यंत्रणा इतकी अचूक झाली असताना वैमानिकाने हाताने विमान उडवण्याचा सराव कशाला करावा?’ हा प्रश्न आधुनिक भासतो. त्याचे उत्तर मात्र कर्जतच्या घाटात जुनेच आहे.

२/८
१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. पळसदरीहून एक फाटा खालापूर तालुक्यातील खोपोलीकडे जातो, मुख्य मार्ग घाट चढतो. १९२९ साली विजेची इंजिने आली. उतारावर त्यांच्या मोटारीच जनित्र बनून गाडी रोखून धरू लागल्या.

३/८
म्हणून घाटाने यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला काय? मुळीच नाही. उतरणाऱ्या गाडीने ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणी थांबावे, हा नियम झाला. कॅच सायडिंगचा सांधा एरवी चढावर संपणाऱ्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे चालकाने थांबून सिद्ध केले, तरच पुढची वाट मोकळी होते.

४/८
यातील मर्म ओळखा. ब्रेक उत्तम आहेत, तरीही गृहीत बिघाडच धरला आहे. आणि चालकाच्या हाताची परीक्षा अपघाताच्या क्षणी नव्हे, रोजच्या फेरीत होते.

५/८
आता आकाशाकडे वळू. १ जानेवारी १९७८. मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. कप्तानासमोरील एक स्थितिदर्शक बिघडला होता. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसेना. इतर दर्शकांशी ताडून पाहण्याआधीच विमान डावीकडे कलंडले. येथे दोष स्वयंचालकाचा नव्हता. पण एकाच यंत्रावर विसंबण्याची किंमत दिसली.

६/८
१ जून २००९. एअर फ्रान्सचे रिओ-पॅरिस विमान. वेगमापक नळ्यांत बर्फ साचला, स्वयंचालक सुटला आणि विमान अकस्मात माणसांच्या हाती आले. साडेचार मिनिटांच्या आत ते अटलांटिकमध्ये होते, २२८ मृत्यू. इतक्या उंचीवर, वेग कळत नसताना हाताने विमान सांभाळण्याचे प्रशिक्षण त्या वैमानिकांना मिळालेले नव्हते. २०१३ साली अमेरिकेच्या विमान नियामकाने कंपन्यांना हस्तचालनास उत्तेजन देण्याची सूचना केली, ती अशा अनुभवांतूनच.

७/८
‘चूक माणूसच करतो, मग त्याचा हातच बाजूला ठेवा’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. हात बाजूला ठेवल्याने चूक नाहीशी होत नाही. ती सर्वांत कठीण क्षणापर्यंत लांबणीवर पडते. उलट, ‘खरा वैमानिक स्वयंचालक वापरत नाही’ ही बढाईही तितकीच पोकळ. दाट धुके, गजबजलेले आकाश, थकलेली रात्र अशा वेळी यंत्राचा आधार घेणे हेच शहाणपण.

८/८
मागणी साधी आहे. निरभ्र दिवशी, कामाचा ताण कमी असताना हाताने उड्डाण व्हावे. सिम्युलेटरमध्ये बिघाडाचा सराव नेमाने व्हावा. आणि त्यासाठीचा वेळ कंपनीने खर्च नव्हे, कर्तव्य मानावे. रेल्वेगाडीला घाटात थांबण्याची सवड काढता येते. विमानाला तर वाटेत थांबताही येत नाही; मग त्याची परीक्षा आधीच व्हायला नको काय?